लेकीला पत्रकार व्हायचे आहे आणि घराचा बातमीवर विश्वास उरलेला नाही

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. मुलगी बारावी कला शाखेत आहे, तिला पत्रकारितेकडे वळायचे आहे आणि आपला विरोध केवळ पगाराच्या चिंतेतून आलेला नाही. चार वर्षांपूर्वी आपले धाकटे बंधू दुचाकीच्या अपघातात गेले, तेव्हा ‘मद्यधुंद तरुणाचा अपघाती मृत्यू’ अशी बातमी छापून आली. पुढे रक्ताच्या रासायनिक तपासणीत मद्याचा अंश आढळला नाही. तो अहवाल घेऊन आपण वृत्तपत्राच्या कार्यालयात गेलात, तरी दुरुस्तीची एक ओळही छापली गेली नाही. ‘ज्यांनी माझ्या भावाला मेल्यावर दारुडा ठरवले, त्यांच्यात लेकीला कशी पाठवू?’ असे आपण विचारले आहे.

आपला राग रास्त आहे, आणि तो विसरा असे मी सांगणार नाही. मात्र अशी बातमी कशी तयार होते, ते पाहू. घटनास्थळी कुणीतरी म्हणतो, ‘प्यायला होता म्हणे.’ बातमीदार ते तसेच कळवतो, कार्यालयातल्या संपादनाच्या डेस्कवर ‘म्हणे’ गळून पडते आणि उरलेला शब्द मथळ्यात जाऊन बसतो. पोलिसांनी अधिकृतपणे काय नोंदवले आहे, तपासणीचा अहवाल आला आहे का, कुटुंबाला विचारले का, हे तीन प्रश्न कुणी त्या बातमीदाराला विचारले असते, तर आपल्या घरावरचा तो डाग टळला असता. छापण्यापूर्वी पडताळणी करावी, चूक झाल्यास ती तत्परतेने आणि ठळकपणे दुरुस्त करावी, संबंधिताला उत्तराची संधी द्यावी, हे सारे वृत्तपत्रांच्या दर्जावर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत लिहिलेले आहे. वृत्तपत्राविरुद्ध परिषदेकडे तक्रार करता येते. पण परिषद समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. म्हणून दर्जा राखण्याचे खरे काम वृत्तपत्राच्या कचेरीतच व्हावे लागते.

विश्वास का उडाला, याचे दुसरे कारण पैशाचे आहे आणि ते मुलीला आताच ठाऊक असावे. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची भलामण करणारा मजकूर बातमी म्हणून छापला गेला. स्पर्धक वृत्तपत्रांत तोच मजकूर शब्दशः आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले. त्यानंतर ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द गावोगावी पोचला आणि 2010 मध्ये वृत्तपत्र परिषदेने या प्रकाराची व्याख्याही केली. हे एका निवडणुकीपुरते नव्हते. तालुक्याच्या अनेक वार्ताहरांना पुरेसे मानधन मिळत नाही, जाहिरातींच्या कमिशनवर घर चालवावे लागते आणि ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिरात मागायची, त्याच्याच कारभाराची बातमीही लिहायची असते. बातमी आणि जाहिरात यांची माणसे वेगळी ठेवल्याशिवाय वाचकाने विश्वास ठेवावा ही अपेक्षा करण्याचा वृत्तपत्रांना अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुलीविषयी. पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की, गावात रोज सहा टँकर येतात असे ग्रामपंचायतीच्या नोंदीत होते, तेव्हा ती दोन दिवस विहिरीपाशी बसली, चारच मोजले आणि प्रत्येकाची वेळ व क्रमांक वहीत लिहिला. मग ग्रामसेवकांना भेटून त्यांचे म्हणणेही घेतले आणि महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात दोन्ही बाजू मांडल्या. आपल्याला हा तिचा हट्ट वाटला. आपल्या भावाच्या बातमीत जे झाले नाही, नेमके तेच या मुलीने कुणी न शिकवता केले आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

माझा सल्ला असा की, तिने पदवी अर्थशास्त्र किंवा कायदा अशा एखाद्या विषयात घ्यावी आणि पत्रकारितेचे शिक्षण त्यानंतर घ्यावे, कारण अर्थसंकल्प, सात-बारा किंवा न्यायालयाचा निकाल स्वतः वाचता न येणाऱ्या पत्रकाराला दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबावे लागते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज कसा करायचा, हे तिने पदवीच्या काळातच शिकावे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. पहिली दोन-तीन वर्षे घरचा आधार द्यावा लागेल, अशी तयारी ठेवावी.

पहिली नोकरी निवडताना पगाराइतक्याच आग्रहाने तिने विचारावे: जाहिराती आणण्याची सक्ती आहे का? शुद्धिपत्र छापता का, कोणत्या पानावर? माझी बातमी छापण्यापूर्वी कोण तपासणार? या प्रश्नांना जिथे टाळाटाळ होईल, तिथे जाऊ नये, मग नाव कितीही मोठे असो.

भावाची ती बातमी आणि तो अहवाल तिला एकदा शेजारी शेजारी ठेवून दाखवा. आणि टँकरच्या नोंदींची ती वही जपून ठेवा. प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना ती तिने बरोबर न्यावी.