१८ पौंडरच्या पुंगळीवरचे ठसे आणि अक्षरं: नव्याने मारू नका, आहेत ती वाचा

पणजोबांनी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून (आजचा इराक) आणलेली, ‘१८ पौंडर’ या ब्रिटिश तोफेच्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी, बुडावरचे ठसे झिजलेले, अंगावरची काळी अक्षरं अर्धी उडालेली. ठसे पंचाने परत मारून घ्यावेत का आणि अक्षरं रंगवावीत का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर ठाम ‘नाही’ आहे.

त्याआधी एक तपासणी. बुडाच्या मध्यभागी आट्यांनी बसवलेला प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारा भाग, असतो. त्यावर तोफेच्या पिनचा खळगा नसेल किंवा जराही शंका असेल, तर पुंगळीला हात लावू नका, सरळ पोलिसांना कळवा. तापवणं, ड्रिल मारणं तर कोणत्याही परिस्थितीत नको.

आता ठशांविषयी. १८ पौंडरच्या बुडावर तोफेचं नाव, लॉट नंबर, कारखान्याची खूण, साल आणि ब्रिटिश सरकारी मालाची खूण असलेला बाण असतो. ‘सीएफ’ म्हणजे कॉर्डाइटचा (तोफेत वापरायच्या दारूचा) पूर्ण भार. या पुंगळ्या आघाडीवरून परत नेऊन पुन्हा भरल्या जात आणि तसे ठसे उमटवले जात. त्यामुळे तुम्हाला जी गर्दी आणि खाडाखोड वाटते, तो त्या पुंगळीचा नोंदवहीसारखा इतिहास आहे. नवा पंच बसला की तो कायमचा गेला. त्यापेक्षा अंधाऱ्या खोलीत टॉर्च बुडाला जवळजवळ समांतर धरा आणि दिशा बदलत फोटो काढा. एका बाजूने न दिसणारा आकडा दुसऱ्या बाजूने उठून येतो.

घासण्याच्या बाबतीत मात्र फार जपा. चिंच, लिंबू, रांगोळी यांनी पितळ चकाकतं, पण आम्लाने जस्त निघून तांबूस डाग उरतात आणि उरलेला रंगही जातो. अमोनिया असलेलं लिक्विड पॉलिश तर त्याहून वाईट. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांना आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण, हे त्याचं कारण. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली ते सविस्तर मांडलं. तुमच्या पुंगळीच्या तोंडाशी उभी केसासारखी रेघ दिसते का, ते भिंगाने बघा. दिसली तर तिथे दाब देऊ नका, फुलं ठेवायला पाणीही भरू नका.

धूळ काढायला डिस्टिल्ड पाणी, साध्या साबणाचा एखादा थेंब आणि कापसाची काडी पुरते. काडी घासायची नाही, फिरवत न्यायची. अक्षरांवर ॲसिटोन अजिबात नको, रंग विरघळेल. अक्षरं पूर्ण उडाली असतील तिथेही पितळाचा रंग किंचित वेगळा राहिलेला असतो, कारण रंगाखालचा भाग उशिरा काळवंडतो. तिरक्या उजेडात तो फरकही टिपा.

आणि पूर्ण मजकूर दिसावाच अशी इच्छा असेल, तर पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर खात्रीने वाचता येणारी अक्षरं काळ्या रंगात काढा आणि ती शीट पुंगळीभोवती गुंडाळा. अंदाजाने भरलेली अक्षरं वेगळ्या रंगात ठेवा. पितळाला रंगाचा थेंबही लागत नाही आणि पुढे कोणी चूक दाखवली तर शीट बदलता येते. पुंगळी कोरडी झाल्यावर उघड्या पितळावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या, अक्षरांचा भाग सोडून.

टॉर्च धरून काढलेले बुडाचे दोन-तीन फोटो टाका. आकडे आणि खुणा कारखान्याशी जुळवून बघता येतील.