वाचकांचे प्रश्न : मुतेसा राजाच्या इतक्या राण्या कशासाठी?

प्रश्न : बुगांडाच्या मुतेसा राजाला म्हणे ८० च्या वर बायका होत्या. हा नुसता शौक का? आणि इतक्या पोरांमधून पुढचा राजा कोण हे कसं ठरायचं?

उत्तर : शौक म्हणून सोडून दिलं ना, तर बुगांडा कळणारच नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठाचं हे राज्य, आजच्या युगांडातलं. मुतेसा १८५६ ते १८८४ तिथला काबाका, म्हणजे राजा. त्याचे वडील सुऊना, त्यांच्या तर १४८ राण्यांची नावं नोंदवलेली आहेत. खरी गोम अशी की बाकी सगळी प्रजा बापाचं कूळ लावते आणि राजघराण्यातली मुलं मात्र आईचं, त्यामुळे गादी कुठल्याच एका कुळाची नाही, आज ह्या कुळाचा भाचा राजा तर उद्या त्या कुळाचा. मुतेसा आईकडून हत्ती कुळाचा. मग प्रत्येक कुळाला वाटणारच की आपली एक तरी मुलगी वाड्यात हवी, तिला मुलगा झाला तर उद्या दरबारात तिच्या भावांची, काकांची सोय लागली. सगळी कुळं राजाशी बांधून ठेवायचा हा मार्ग होता, आणि माझ्या मते राज्य इतकं टिकलं त्यात ह्याचा वाटा मोठा आहे.

थोरला मुलगा राजा होतो असं आपण धरूनच चालतो पण तिथे थोरल्यालाच गादी बंद! त्याला किवेवा म्हणायचे आणि बाकी राजपुत्रांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. उरलेल्यांतून मुख्य प्रधान आणि मोठे सरदार एकाला निवडायचे. मुतेसा तेव्हा कोवळा पोरगा होता, पण आई मुगांझिर्वाझा आणि मुख्य प्रधान काइरा ह्या दोघांनी जोर लावला आणि तो बसला.

ह्यातली भयंकर बाजूही सांगायलाच हवी. १८६२ साली स्पीक नावाचा इंग्रज प्रवासी तिथे पोचला, त्याने लिहून ठेवलंय की राजाचे भाऊ पहाऱ्यात असायचे आणि राज्याभिषेक पुरा झाला की दोन-तीन सोडून बाकीच्यांना जाळून मारायची रीत होती. इतक्या मुलांना जन्म देणाऱ्या घरात त्या आयांनी काय भोगलं असेल, विचार करवत नाही.

प्रश्न : राजमातेला खरंच एवढा मान होता का?

उत्तर : मान तर होताच, सत्ता पण होती. राजमाता म्हणजे नामासोले. तिचा वाडा वेगळा, राजाच्या वाड्यापासून ओढ्यापलीकडे, तिचा स्वतःचा मुख्य प्रधान, स्वतःच्या जमिनी. फक्त पुन्हा लग्न करायची मुभा नाही. स्पीकला दोन्ही वाड्यांवर हजेरी लावावी लागायची, मुगांझिर्वाझा त्याच्याकडून औषधं घ्यायची आणि तो एकीकडे जास्त रमला की दुसरीकडे रुसवा ठरलेला.

१८८२ साली ती गेली तेव्हा मुतेसाने ठरवलं की आईसारखा दफनविधी कुणाचा झाला नसेल. मकाय नावाचा मिशनरी हाताने कुशल होता, त्याला शवपेटी करायला सांगितली, एकात एक अशा तीन. मधली तांब्याची, त्यासाठी राजाने आपली तांब्याची भांडी दिली आणि ती ठोकून ठोकून पत्रे केले. बाहेरची इतकी मोठी की खोलीच वाटावी, आणि कबरीत झाडाच्या सालीच्या कापडाचे ढीगच्या ढीग टाकले. हे वाचलं की दरारा असलेल्या त्या राजातला मुलगा दिसतो मला.

प्रश्न : राजकन्यांचं काय? त्यांची लग्नं कुठे व्हायची?

उत्तर : व्हायचीच नाहीत. राजकन्येने लग्न करायचं नाही अशी रीत. मुतेसाची मुलगी नालुमान्सी पुढे ख्रिश्चन झाली आणि तिने ही रीत मोडून लग्न केलं. १८८८ साली तिचा खून झाला. तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं ह्याचं वाईट वाटतं.

प्रश्न : मुतेसानंतर गादी कुणाकडे गेली?

उत्तर : त्याचा मुलगा म्वांगा ह्याच्याकडे, वय जेमतेम १६. १८८८ मध्ये त्याला हाकललं, मग किवेवाला बसवलं, म्हणजे थोरल्याला गादी नाही हा नियमही मोडला, काही आठवड्यांत त्यालाही हटवलं आणि तिसरा भाऊ कालेमा आला. ह्या कालेमाने घरातले राजपुत्र, राजकन्या मारून टाकले, किवेवासकट. १८८९ मध्ये म्वांगा परत आला, आणि नंतरचे सगळे काबाका त्याच्याच वंशातले.

मुतेसाची कबर कंपालात कासुबी टेकडीवर आहे, त्याच्याच वाड्यात. आधीच्या राजांचा जबडा काढून वेगळा जपायचे, मुतेसा अखंड पुरला गेलेला पहिला. राजांच्या विधवांची जागा चालवणाऱ्या बायका आजही तिथे राहतात आणि त्यांना त्यांची कुळंच पाठवतात.