दुधाच्या वहीतली दुखणी

"रिपोर्ट चांगले आहेत म्हणतात, मग माझी झोप का उडालीय?" उपचार संपलेली माणसं हा प्रश्न डॉक्टरांना विचारत नाहीत, दारातून बाहेर पडता पडता मला विचारतात. कराडकडच्या एका मावशींनीही तसाच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 58. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन होऊन दीड वर्ष झालेलं. सोबतची सून म्हणाली, "आत्या, बऱ्या झालात ना आता? कशाला तेच तेच उगाळताय?"

मीही काही वेगळं बोलले नाही. वॉर्डात नर्स म्हणून वर्षानुवर्षं काढल्यावर एक वाक्य तोंडात बसतं, तेच म्हटलं: "काळजी करू नका." मावशींनी मान हलवली आणि पुढच्या भेटीला आल्याच नाहीत.

तीन महिन्यांनी आल्या, त्या पिशवीत दुधाच्या हिशेबाची वही घेऊन. पुढून लिटर आणि फॅट. मागून, वही उलटी धरून, दुखणी. सोमवार डावा खांदा. मंगळवार कंबर. बोटं तर रोजच. सकाळी मूठ वळायची नाही, भाकरी थापता यायची नाही. मनात एकच, कॅन्सर हाडात गेला. पेट स्कॅन, म्हणजे अंगभर कुठे कॅन्सर आहे का ते पाहणारी तपासणी, हवा होता, डॉक्टर नको म्हणत होते.

वही चाळताना मला मर्ल मिशेल आठवल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्या नर्सिंगच्या प्राध्यापक होत्या. आजारपणातल्या अनिश्चिततेचा सिद्धांत त्यांनी 1988 मध्ये मांडला आणि 1990 मध्ये स्वतःच त्यात दुरुस्ती केली: लांबणाऱ्या आजारात अनिश्चितता संपत नाही, तिच्यासकट जगण्याची घडी बसवावी लागते. पुढे त्यांच्या गटानं स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या 509 स्त्रियांबरोबर काम केलं. उपचार होऊन त्यांना 5 ते 9 वर्षं झाली होती, तरी धाकधूक होतीच! मग आमच्या मावशींचं दीड वर्ष ते काय? त्या कामात नर्स आठवड्याला एक असे चार फोन करायच्या. भीती कशानं चाळवते, तर बहुतेकदा दुसऱ्या कुणाच्या कॅन्सरची बातमी कानावर आल्यानं, नाहीतर अंगात काही नवीन दुखल्यानं.

मी मावशींना दुखण्यांशेजारी आणखी एक रकाना आखायला सांगितला: त्या दिवशी काय घडलं? पंधरा दिवसांत चित्र दिसलं. खांदा दुखला तेव्हा वैरणीचा भारा उचलला होता. सगळ्यात वाईट तीन रात्री होत्या भावकीतल्या एकाच्या दहाव्याला जाऊन आल्यानंतरच्या. तोही कॅन्सरनंच गेला होता.

बोटांपुढे मात्र काहीच नाही. रोजची अशी एकच गोष्ट, लेट्रोझोलची गोळी. या गोळीनं सांधे आखडतात, सकाळी जास्तच. आम्हा मंडळींना हे इतकं ठाऊक असतं की पेशंटला सांगायचंच राहतं. खोदून विचारलं तर म्हणाल्या, "मधनंमधनं सोडते की. तेवढंच जरा बरं वाटतं."

माझ्याच पोटात गोळा आला. रोग परतला की काय म्हणून झोप उडालेली, आणि तो परतू नये म्हणून दिलेली गोळी डब्यात पडून!

त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांसमोर बसवलं. त्यांनी नीट तपासलं, त्याच गटातली दुसरी गोळी दिली, रोज चालायला सांगितलं. तपासणीत संशय घ्यावा असं काही नसताना स्कॅन करून फायदा नसतो, उलट एखादा निरुपद्रवी ठिपका दिसला की पुन्हा सुया आणि टांगणी, हेही समजावलं. वर्षाची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, मात्र चुकवायची नाही.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. गाठ हाताला लागली तर त्याच दिवशी यायचं. नवं दुखणं वाढत गेलं, रात्री झोपेतून उठवू लागलं किंवा दोन आठवडे टिकलं, तर फोन. बाकी सगळं वहीत.

गेल्या महिन्यात फोन आला. "सिस्टर, कंबर. नववा दिवस."

"काय केलं होतं?"

"भुईमूग उपटला. कमी होतंय तसं, पण चौदापर्यंत मोजणार मी."

"मोजा," म्हटलं, आणि माझ्याही कॅलेंडरवर पाच दिवसांपुढच्या तारखेला खूण केली.