धाडसी बाबांची आठवण, अख्खी

कड्यावर चढाई करताना पडून नवरा गेला, त्याला दहा महिने झाले होते. त्या बाईंनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत तीन चिंता एका दमात सांगितल्या. धाकटी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती, तिला बाबा आठवतील का? थोरला चौदा वर्षांचा, बाबांचं हेल्मेट घालून आरशासमोर उभा राहतो आणि ‘मीपण चढणार’ म्हणतो, त्याला काय सांगायचं? आणि नवऱ्याचे मित्र त्याच्या धाडसाचे किस्से सांगू लागले की बाईंच्या मनात संताप उसळतो आणि मग त्याच संतापाची लाज वाटते. ‘सगळे त्याची आठवण काढतात आणि मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत असते. माझंच काहीतरी चुकतंय ना?’ (ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

चुकत काहीच नव्हतं. मात्र अशा घरातलं दुःख थोड्या वेगळ्या वाटेने येतं, ते आधी समजून घ्यावं लागतं. हा माणूस वर्षातून कितीतरी आठवडे घराबाहेर असायचा. त्याचं घरात नसणं हीच घराची सवय होती. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे बाईंना ‘मोहीम लांबलीय’ असंच वाटत राहिलं आणि एरवी तो परतायचा त्या दिवसांत त्या कोसळल्या. मुलीचं तर याहून अवघड. मेलेलं माणूस परत येत नाही, ही गोष्ट साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना हळूहळू कळू लागते. त्यात घरच्यांनी तिला ‘बाबा उंच डोंगरावर राहायला गेलेत’ असं सांगितलेलं. बाबा डोंगरावर जातात आणि परत येतात, हाच तिचा अनुभव. मग ती वाट बघणारच.

म्हणून पहिलं काम हे वाक्य बदलण्याचं होतं. ‘बाबा मेले. ते पडले, त्यांच्या शरीराला फार मोठी इजा झाली आणि शरीराचं काम थांबलं. ते आता परत येणार नाहीत, त्यांनी यावं असं आपल्याला कितीही वाटलं तरी.’ हे एकदा सांगून भागत नाही. मुलं तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तर दर वेळी त्याच शब्दांत द्यावं, शब्द बदलले की मुलांना वाटतं गोष्टही बदलली. ‘झोपले’, ‘दूर गेले’, ‘देवाने नेलं’ हे शब्द लहान मुलांसाठी धोक्याचे आहेत. काही मुलं त्यानंतर झोपायलाच घाबरतात.

आता विसरण्याची भीती. मोठ्या माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात आणि त्या काळातल्या बऱ्याचशा आठवणी शाळेच्या पहिल्या काही वर्षांत पुसट होत जातात. पाचव्या वर्षाचं काय उरेल, हे बऱ्याच अंशी त्याबद्दल घरात कसं बोललं जातं यावर ठरतं. ‘बाबा आठवतात का गं?’ हा प्रश्न परीक्षेसारखा आहे. मूल ‘हो’ म्हणतं आणि विषय संपतो. त्याऐवजी आपण एक तुकडा आधी द्यायचा: ‘त्या पावसात बाबांचे बूट पाण्याने भरले होते. त्यांनी ते वाळवायला काय केलं होतं?’ मुलीने काही सांगितलं की त्याला जोडून पुढचं विचारायचं: कुठे उभे होते, काय बोलले, तू काय केलंस. तिची आठवण आपल्याशी जुळली नाही तर दुरुस्ती करायची नाही. ‘मला वेगळं आठवतंय, तुझं असं आहे होय!’ एवढंच. पाच-दहा मिनिटं पुरतात. ती उठून खेळायला गेली तर जाऊ द्यावं. मुलं दुःख घोटाघोटाने पितात.

इथे हमखास चूक होते ती अतिरेकाची. रोज रात्री ठरवून आठवणी काढल्या की मुलाला ते काम वाटू लागतं आणि आईला बरं वाटावं म्हणून ते रडूही लागतं. फोटोंचंही तसंच. प्रत्येक खोलीत शिखरावरचा फोटो लावण्यापेक्षा एक फोटो घरातला असावा: चष्मा लावून काहीतरी दुरुस्त करत बसलेले बाबा, कंटाळलेले बाबा.

बाईंच्या रागाचं मूळही इथेच सापडलं. मित्रांच्या किश्शांमधला माणूस कधी दमत नव्हता, घाबरत नव्हता, त्याचं घरात काही अडत नव्हतं. त्या माणसाला बायको-मुलं असण्याची गरजच नव्हती. ‘तो आवडतं काम करताना गेला’ हे वाक्य लोक सांत्वन म्हणून म्हणतात, पण बायकोला ते ऐकू येतं ते असं: त्याला जे जास्त आवडायचं, ते तुम्ही नव्हतात. तिच्या राग येण्यात प्रेमाची उणीव नाही. तो राग दाबून केलेली स्मृती पोकळ राहते, असं आमचं ठाम मत आहे. असं वाक्य कानावर आलं तर म्हणायला एक उत्तर बाईंनी तयार ठेवलं: ‘त्याला घरी यायलाही आवडायचं. त्याबद्दल काही आठवत असेल तर सांगा.’

मग मित्रांना पत्र गेलं. ‘त्याच्याबद्दल काहीतरी लिहा’ अशी विनंती केली की तेच ते कौतुक येतं, म्हणून नेमके प्रश्न विचारले. तो कशाला घाबरायचा? माथा जवळ असताना तो परत कधी फिरला, आणि का? रात्री तंबूत घरच्यांबद्दल काय बोलायचा? कुणाशी भांडला, माफी कशी मागितली? आलेली उत्तरं एका वहीत चिकटवली. वहीचा नियम एवढाच होता की डाव्या पानावर डोंगरातला प्रसंग असेल तर उजव्या पानावर घरातला हवा. उजवी पानं रिकामी राहू लागली तेव्हा बाईंनी मुलांना विचारलं आणि थोरल्याने पाच-सहा पानं एका बैठकीत भरली. त्यात बाबांनी शाळेचं संमेलन चुकवल्याचंही होतं. ते पान काढायचं नाही, यावर आम्ही आग्रही राहिलो.

रागासाठी वेगळं पत्र होतं, न पाठवायचं. वीस मिनिटं, दिवसाउजेडी, नंतर कुणीतरी सोबत असेल अशा वेळी. आधी ‘तू मला काय करायला लावलंस’ आणि मग ‘मला तुझं काय हवंय’. बहुतेक जण पहिला भाग गाळून सरळ क्षमा मागू लागतात आणि पत्र खोटं होतं. बाईंचंही पहिलं पत्र तसंच झालं, दुसरं खरं उतरलं.

एक सावधगिरी याआधी पाळावी लागते. मृत्यू अपघाती असेल तर कोणतीही आठवण काढली की ती सरकत पडण्याच्या दृश्यावर जाऊन थांबते, ते दृश्य प्रत्यक्ष पाहिलेलं नसलं तरी. असं होत असेल, झोप उडाली असेल, तर वही-पत्रं बाजूला ठेवून आधी आघातावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावं. नाहीतर आठवणींचं काम रोज जखम उघडतं. या बाईंनी ते काम आधी केलं होतं म्हणून पुढचं जमलं.

नातेवाईक मात्र म्हणत होते, ‘आता यातून बाहेर पड.’ मेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं हेच शोकाचं काम, ही कल्पना १९१७ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडली आणि ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते नैसर्गिक आहे. १९९९ मध्ये स्ट्रोबे आणि शूट या संशोधकांनी सांगितलं की शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यामध्ये ये-जा करतो आणि ही ये-जा आरोग्याची आहे. त्यावरून एक साधी गोष्ट करता येते: आठवड्यातली एक वेळ वहीची, एक वेळ कागदपत्रं, बँक, नळदुरुस्तीची. दुसऱ्या वेळेत हसू आलं तर तो विश्वासघात नाही.

थोरल्याच्या हेल्मेटकडे येऊ. ‘कधीच नाही’ म्हटलं तर तो लपून जाणार आणि बाबांसारखं होण्याची ओढ आणखी वाढणार. लगेच ‘हो’ म्हणणंही बरोबर नाही, कारण शोकातला मुलगा धोका नीट तोलू शकत नाही. ठरलं ते असं: वर्षभर चढाई नाही. त्यानंतर हवं असेल तर प्रशिक्षित मार्गदर्शकाकडे, सुरुवातीच्या वर्गापासून, कृत्रिम भिंतीवर. आणि बाबांचं सामान वापरायचं नाही. हे भावनेसाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी. दोर, हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे), स्लिंग (कापडी पट्टीचे फास) या कापडी वस्तू न वापरताही जुन्या होतात. बहुतेक उत्पादक बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षांची मर्यादा देतात, आणि जोराचा झटका बसलेली वस्तू त्याच दिवशी बाद होते. मार बसलेल्या हेल्मेटचंही तेच, तडा दिसला नाही तरी. म्हणून आठवण म्हणून ठेवायच्या दोराचे मीटरभराचे तुकडे करावेत, टोकं वितळवून बंद करावीत, म्हणजे पुढे कुणी चुकून त्यावर लटकणार नाही. अपघाताची चौकशी चालू असेल तर त्या वेळच्या सामानाला हात लावू नये.

या मुलाला वहीतल्या एका पानाने फार मदत केली. वारा वाढल्यामुळे माथा अगदी जवळ असताना बाबा परत फिरले होते, सगळे नाराज झाले तरी. मुलाला हे माहीत नव्हतं. किश्शांमध्ये परत फिरण्याला जागा नसते, आणि वारसा म्हणून द्यावी अशी गोष्ट नेमकी तीच असते.

फोन आणि कॅमेऱ्याचं काम मात्र शोक संपण्याची वाट बघत नाही. फोन रीसेट करू नये, सिम बंद पडू देऊ नये, कारण बहुतेक खात्यांचे ओटीपी तिथेच येतात. व्हॉट्सॲपचं खातं सलग १२० दिवस वापरात नसेल तर सहसा काढून टाकलं जातं. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं न वापरल्यास डेटासकट काढलं जाऊ शकतं. म्हणून आवाजाचे संदेश आधी काढून घ्यावेत. चेहरा फोटोत सापडतो, आवाज मात्र थोड्याच ठिकाणी असतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्याच्या घरी. ऐकायची घाई नाही, जपायची आहे. त्याच्या वासाचा शर्ट ठेवायचा असेल तर न धुता, पण पूर्ण कोरडा करून, घट्ट बंद पिशवीत; दमट ठेवला तर बुरशी धरते.

वर्ष पूर्ण होताना मित्रांनी त्याच कड्यावर चढाई ठरवली. बाईंनी पायथ्याशी भेटायचं कबूल केलं, वर न जाता. भेट दोन तासांची, संपायची वेळ आधी सांगितलेली, मुलांना कधीही गाडीत जाऊन बसायची मुभा. धाकटी अर्ध्या तासात गाडीत गेली, थोरला शेवटपर्यंत थांबला. दोन्ही ठीक होतं.

कधी अधिक मदत घ्यावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक आणि मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात (२०२२) प्रौढांसाठी किमान बारा, मुलांसाठी सहा महिने उलटल्यावरही जवळजवळ रोज तीव्र ओढ, मृत्यू मान्यच न होणं, आपलं काहीच उरलं नाही असं वाटणं आणि रोजची कामं ठप्प होणं, असं चित्र असेल तर तो दीर्घकाळ रेंगाळलेला शोक असू शकतो आणि त्यावर नेमके उपचार आहेत. मरून त्याच्याकडे जावं असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये.

या बाईंचं तसं नव्हतं. त्यांना राग अजूनही येतो, विशेषतः शाळेच्या कार्यक्रमांना. दुसरं वर्ष अनेकांना पहिल्यापेक्षा जड जातं, कारण माणसं फोन करायची थांबतात. म्हणून त्यांनी दोन मित्रांना आधीच सांगून ठेवलं आहे: महिन्यातून एकदा या, आणि येताना एक असा प्रसंग आणा ज्यात तो शूर नव्हता.