कोविड लसीकरणात भूतानने भारताला मागे टाकलं, हे खरं आहे का?

वेगाच्या बाबतीत हो. पण भूतानची लोकसंख्या जेमतेम साडेसात लाख, आमच्या एकट्या इंदूरहूनही कितीतरी कमी. तुलना करायचीच तर या दोघांची करा. भारताने भेट दिलेली कोविशील्ड जानेवारी २०२१ मध्येच भूतानला पोचली होती. तरी सगळ्यांना पुरेल इतका साठा होईपर्यंत ते थांबले, मग शुभ दिवस पाहून २७ मार्चला सुरुवात केली आणि दोनेक आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक पात्र प्रौढांना पहिला डोस दिला. मला तर हा संयमच फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या लाटेत आपली निर्यात थांबली, म्हणून त्यांचा दुसरा डोस जुलैत, मुख्यतः अमेरिकेने दिलेल्या मॉडर्नाचा. इंदूरचा पहिला डोस ऑगस्टअखेर पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.