पुणं सोडायचंय की धंद्यात उतरायचंय?

प्रश्न (थोडक्यात): वय 39. पुण्यात खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात 58,000 येतात. आई, बायको आणि तिसरीतली मुलगी सोलापुरात. मेव्हण्यांचं शाळेच्या गणवेशांचं युनिट आहे. 10 लाख घालून निम्मी भागीदारी घ्या म्हणतात. पीएफमध्ये साडेनऊ लाख, एफडीत तीन लाख आहेत. नोकरी सोडून पीएफ काढू का?

उत्तर: तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात खोलीचं भाडं आहे, डब्याचा कंटाळा आहे. सोमवारी पहाटे पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडायला निघता तेव्हा मुलगी झोपेतच तुमच्या शर्टाचं टोक धरून ठेवते, तेही आहे. गणवेशाबद्दल मात्र साडेतीन ओळी, त्याही मेव्हण्यांनी सांगितलेल्या. कापड काय भावानं पडतं, शिलाई किती, उधारी किती दिवसांची, यातला एकही आकडा नाही. दिवसभर हिशेब करणारा माणूस हे आकडे सहज विसरत नाही.

म्हणून मला वाटतं, तुम्हाला घरी यायचंय. ही ओढ खरी आहे आणि ती पूर्ण व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. पण घरी परतणं वेगळं आणि धंदा टाकणं वेगळं. तुम्ही दोन्हींची गाठ मारून ठेवलीत.

तुमचेच आकडे घेऊ. पुण्यातली खोली, डबा, येणं-जाणं, वरखर्च मिळून 25,000 जातात. घरी पोचतात 33,000. सोलापूरचा खर्च 27,000, म्हणजे शिल्लक 6,000. उद्या इथेच सोलापुरात 35,000 ची नोकरी मिळाली आणि गाडीच्या पेट्रोलला 2,000 गेले, तरी शिल्लक तेवढीच. आकडा 58 वरून 35 वर आला की चारचौघांत कमीपणा वाटतो, हे मी नव्या पेठेतल्या माझ्या ऑफिसात रोज पाहतो. पण घरात येणारा पैसा तोच राहतो.

आता भागीदारी. या धंद्यात कापडाचा पैसा हिवाळ्यातच अडकतो, कारागिरांचा पगार चुकवता येत नाही, शाळा जूनमध्ये उघडतात आणि दुकानदारांकडून वसुली होईतो गणपती उजाडतात. तेवढे महिने घर कशावर चालेल? एफडीवर. तीन लाख म्हणजे जेमतेम अकरा महिने. शिवाय भागीदारी संस्थेचं कर्ज थकलं तर बँक भागीदाराच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकते. मेव्हणे सज्जन असतील, पण नातं आहे म्हणून करारपत्र नको, असं होऊ देऊ नका.

पीएफला हात लावू नका. नोकरी सोडलीत तरी वयाच्या 58 पर्यंत त्यावर व्याज मिळत राहतं. 8 टक्के धरले तर 19 वर्षांत साडेनऊ लाखांचे सुमारे 41 लाख होतात. तुमच्या म्हातारपणाला दुसरा आधार मला पत्रात दिसला नाही.

आणि राजीनाम्याची घाई तर अजिबात नको. या कंपनीत तुमची 4 वर्षं 4 महिने झालीत, आधीची नोकरी धरून पीएफची एकूण सेवा 9 वर्षं 4 महिने. आणखी आठ महिने काढलेत तर 5 वर्षं भरून ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीनं द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क मिळेल. 30,000 मूळ पगारावर साधारण 86,500 रुपये. पीएफच्या सेवेची 10 वर्षं भरली की त्यातल्या पेन्शनलाही पात्र व्हाल.

हे आठ महिने दोन कामांना वापरा. एक, सोलापुरात नोकरी शोधा. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांत, गारमेंटच्या युनिटांत जीएसटी आणि वसुली नीट सांभाळणारा माणूस लागतोच, आणि ते काम तुमच्या हातात बसलेलं आहे. दोन, ऐन हंगामात, एप्रिलमध्ये, पंधरा दिवसांची रजा टाकून मेव्हण्यांच्या युनिटवर बसा. कटिंग टेबलापाशी उभे राहा, शनिवारी कारागिरांचा पगार स्वतः वाटा, थकलेल्या दुकानदाराला फोन तुम्हीच करा. गेल्या तीन वर्षांची येणेबाकीची वही मागा. ती दाखवायला त्यांनी आढेवेढे घेतले, तर मला पुन्हा विचारायचीही गरज नाही.

वही पाहूनही सोळाव्या दिवशी तिथंच जावंसं वाटलं, तर ते आकडे घेऊन माझ्याकडे या. दहा लाखांऐवजी दोन लाखांत, पगारी कामापासून सुरुवात कशी करता येईल ते बसून मांडू.