खुडूक बसली की बसू द्या : परसातल्या कोंबड्यांबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळी झाली की पत्रांमधे अंडी उबवायचे प्रश्न वाढतात आणि ते बरोबरच आहे, कारण थंडीत काढलेली पिल्लं उन्हाळ्याच्या आत अंगाने भरतात, पावसाळ्यातल्या पिल्लांसारखी ओलीने मरत नाहीत. या वेळी निवडक पाच प्रश्न घेतेय.

प्रश्न (वाईहून एक ताई): आमची गावरान कोंबडी आठ दिवस झाले रिकाम्या पाटीतच बसून आहे. अंडी आम्ही रोज काढून खाल्ली. उठवायला गेलं की अंग फुगवून टोचते. शेजारी म्हणतात गार पाण्यात बुचकळून काढा म्हणजे खुडूक (अंडी उबवायला बसून राहायची ओढ) मोडते. तसं करू का?

उत्तर: नका हो ताई, अजिबात बुडवू नका. तुमच्याकडे सोनं आलंय दारात. पोल्ट्रीतल्या अंड्यांच्या कोंबड्यांमधून हा खुडूक बसायचा गुण माणसाने निवड करून करून जवळपास घालवलाय, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही म्हणजे धंद्याला तोटा. गावरानमधे तो अजून शिल्लक आहे आणि आपण प्रत्येक खुडूक मोडत बसलो तर आपल्या परसातूनही जाईल. माझं तर सरळ म्हणणं आहे, चांगली बसणारी कोंबडी असेल तर तिचीच पिल्लं पुढे ठेवा, तिच्या तलंगा (वयात येणाऱ्या तरुण कोंबड्या) पण बहुतेक तशाच निघतात.

आता करायचं काय, तर आठवड्याच्या आतली ताजी अंडी जमवा, तुमच्याच कोंबड्यांची किंवा ओळखीच्या घरची. बाजारात हल्ली हॅचरीचे रंगीत पक्षी गावरान म्हणून सर्रास विकतात, त्यांची अंडी घातली तर जात तिथेच मिसळली. फार मोठं, फार लहान, तडकलेलं अंडं नको. धुवू नका, वरचं नैसर्गिक आवरण जातं. 10 ते 12 पुरे, ती सगळी तिच्या पंखाखाली मावली पाहिजेत. पाटीत खाली राख, वर वाळलं गवत आणि मूठभर कडुलिंबाचा पाला, कारण खुडूक कोंबडीला उवा फार होतात आणि त्या चावल्या की ती अर्ध्यात उठते. अंडी दिवसा नाही, रात्री अंधारात सरकवा. रोज एकदा ती उठून खाईल, पाणी पिईल, मोठी ढीगभर विष्ठा टाकेल आणि वीसेक मिनिटांत परत येईल, त्या वेळी तिला हाकलू नका की पकडू नका.

सातव्या रात्री अंडं हातात घेऊन मोबाइलच्या टॉर्चवर धरा. जिवंत असेल तर आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं आणि मधोमध एक काळा ठिपका, नीट बघत राहिलात तर तो हलतो. मी इतकी वर्षं बघतेय, पण तो ठिपका हलला की अजून माझा श्वास थांबतो. नुसतं पिवळट स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका. 20व्या दिवशी कान लावला तर आतून चिवचिव येते आणि कोंबडी खाली मान घालून हळू टुक टुक करून उत्तर देते. 21व्या दिवशी पिल्लं बाहेर.

प्रश्न (नागपूरहून): थर्माकोलचं इन्क्युबेटर घरीच बनवलं, 30 अंडी लावली, फक्त 8 पिल्लं निघाली. काही तर चोच मारून तशीच मेली. आमच्याकडे लाइटही जाते. चूक कुठे झाली?

उत्तर: चूक शोधायची असेल तर न उबलेली अंडी फेकू नका, फोडून बघा, ती स्वतःच सांगतात. आत काहीच नाही म्हणजे बहुतेक अंड्यात जीवच नव्हता, कोंबडा कमी पडला. आत रक्ताचं कडं असेल तर पहिल्या काही दिवसांतच जीव गेला, म्हणजे अंडी जुनी होती किंवा टेम्परेचर चुकलं. पूर्ण पिल्लू तयार होऊन मेलं असेल तर शेवटच्या तीन दिवसांतली ओल किंवा हवा चुकली, तुमचं चोच मारून मेलेलं तेच सांगतंय.

पंखा असलेल्या मशीनला 37.5 डिग्री ठेवतात, पण बिनपंख्याच्या थर्माकोलच्या डब्यात वर गरम आणि खाली गार असतं, म्हणून थर्मामीटर अंड्याच्या वरच्या टोकाच्या उंचीला ठेवून साधारण 38.5 धरा. आणि आधी तो थर्मामीटरच तपासा, कोमट पाण्यात तो आणि तापाचा डिजिटल थर्मामीटर शेजारी शेजारी धरून दोघांचा आकडा जुळतो का बघा, माझी एक अख्खी बॅच दीड डिग्रीच्या खोट्या आकड्यामुळे गेली होती. थोडं कमी झालं तर उशीर होतो, पण तासन्‌तास 40 च्या वर गेलं की संपलं, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात मशीन लावूच नका. उन्हाळ्यात तर लावायच्या आधी साठवलेली अंडीही गरमीने आतून वाढायला लागतात आणि मग मरतात, ती दिवसातून दोनदा गोळा करून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवायची, टोकाची बाजू खाली.

पहिले 18 दिवस डब्यातल्या हवेतली ओल 50-55 टक्के आणि अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची, विषम आकडा अशासाठी की रात्रभर रोज तीच बाजू वर राहत नाही. 18व्या दिवशी फिरवणं बंद, पाण्याची वाटी मोठी करा, ओल 65-70 वर न्या आणि झाकण उघडू नका. हीच गोष्ट कुणाकडून होत नाही, पिल्लू फोडतंय बघून आपण झाकण उचलतो, कोरडी हवा आत शिरते, पापुद्रा पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि ते तिथेच अडकतं. चोच मारल्यावर बारा-पंधरा तास शांत पडलं तरी घाबरू नका, त्या वेळात उरलेलं बलक पोटात ओढून घेणं आणि शिरांमधलं रक्त आत घेणं चालू असतं, तुम्ही सोलायला गेलात तर रक्त येईल. बाहेर आल्यावर दिवसभर काही खाल्लं नाही तरी चालतं, त्या बलकावर ते जगतं.

लाइट गेली तर पहिला तास-दोन तास काही करू नका, वरून गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. त्याहून जास्त वेळ गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या आत. आणि खरं सांगू, शेजारी कुणाकडे खुडूक कोंबडी असेल तर पंधराव्या दिवशी अंडी तिच्याखाली सरकवा, तिला ना लाइट लागते ना वाटी.

प्रश्न (सांगलीहून): कडकनाथची पिल्लं घेतली. मोठी झाल्यावर काहींच्या मानेवर सोनेरी पिसं आली आणि अंडी पण काळी नाहीत. फसवलं का?

उत्तर: या दोन्ही गोष्टींवरून तरी नाही. कडकनाथमधे पूर्ण काळा, पेन्सिल रेघांचा आणि सोनेरी असे तीन प्रकार आहेत, आणि अंडी फिकट तपकिरी किंवा दुधीच असतात, काळी अंडी कुठलाच कडकनाथ देत नाही. जीभ, कातडी, पाय, नखं बघा, ती काळपट पाहिजेत. मूळ हा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला भिल्ल-भिलाला लोकांचा पक्षी, 2018 मधे त्याच्या मांसाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. 2019 साली तुमच्याच भागात कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, त्यामुळे तुमची शंका मला पूर्ण समजते. खाण्यापुरते आणि आवडीपुरते पाळा, कुणी 'पक्षी आम्हीच परत घेऊ' म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. कडकनाथ स्वतः क्वचितच खुडूक बसते, अंडी गावरानखालीच घाला. आणि जाता जाता, आपल्या नंदुरबार-नवापूर भागातली बसरा ही कोंबडी पण नोंदणी झालेली देशी जात आहे, तिच्याबद्दल मला एकही पत्र येत नाही याचं वाईट वाटतं.

प्रश्न (ठाण्याहून): कोंबडा नसेल तर अंडी मिळतील का?

उत्तर: खायला मिळतील, पिल्लं निघणार नाहीत. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, आणि तो त्यांचा सख्खा भाऊ नको, दोन वर्षांनी गावातल्या दुसऱ्या घरचा बदलून आणा.

प्रश्न (चिपळूणजवळून एक काका): गेल्या चैत्रात आठवड्यात 22 पैकी 19 कोंबड्या मेल्या. हिरवी हगवण, मान वाकडी. आता परत पिल्लं काढायची भीती वाटते.

उत्तर: काका, ही बहुतेक मानमोडी, म्हणजे राणीखेत. वाचून पोटात तुटलं. एकदा झाली की औषध नाही, लस हाच उपाय. पिल्लाच्या साधारण सातव्या दिवशी लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात, चार आठवड्यांनी परत, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी या याच रोगाच्या दुसऱ्या लशीचं इंजेक्शन. पुढचे डोस कधी ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अडचण अशी की बाटली 100 डोसची येते आणि तुमची पिल्लं दहा, म्हणून लोक लस टाळतात. त्यावर आमच्या वाडीने काढलेला मार्ग सांगते : सगळ्यांनी एकाच आठवड्यात खुडूक बसवायच्या, म्हणजे पिल्लं एका वयाची होतात, मग एक बाटली बर्फाच्या थर्मासमधे आणून सकाळी ऊन चढायच्या आत घरोघर फिरायचं. विरघळवलेली लस दोन तासांत संपवायची, उरली तर ठेवायची नाही. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला देऊ नका.

जुन्या खुराड्याला चुना मारा, उन्हात रिकामं ठेवा, आणि अशी एकदम मर पुन्हा दिसली तर दवाखान्यात त्याच दिवशी कळवा, मेलेले पक्षी नदीत किंवा कचऱ्यात न टाकता चुना टाकून खोल पुरा, वाचलेले बाजारात नेऊ नका. बर्ड फ्लूची मर पण वरून अशीच दिसते, 2006 मधे नवापूरला तेच निघालं होतं. तुमच्या वाचलेल्या तीन कोंबड्यांमधली एखादी येत्या थंडीत खुडूक बसली तर तिच्याखाली आठच अंडी ठेवा आणि ज्या दिवशी बसवाल त्याच दिवशी दवाखान्यात लशीचं नाव नोंदवून या, म्हणजे हातात चार आठवडे राहतात.